दया नको, हिशेब हवा



बदलत्या हवामानामुळे घरदार सोडावे लागणाऱ्या माणसांची बातमी आपल्यापर्यंत येते, तेव्हा तिच्यासोबत बहुधा दोनपैकी एक चित्र येते. एकात कमरेएवढ्या पाण्यात उभी असलेली केविलवाणी माणसे असतात, तर दुसऱ्यात श्रीमंत देशांच्या सीमेवर येऊन थडकणारे लोंढे. पहिले पाहून कीव येते, दुसरे पाहून धास्ती वाटते. पण कीव करणारा आणि धास्तावलेला, दोघेही एकच प्रश्न विचारतात: ही माणसे किती, आणि यांचे करायचे काय? ती कोणामुळे उठली, त्यांचे देणे कोण लागतो, त्यांचे स्वतःचे म्हणणे काय, हे प्रश्न मागेच राहतात. धास्तीचे चित्र तर वस्तुस्थितीलाही धरून नाही. जागतिक बँकेच्या २०२१ सालच्या अहवालानुसार जगाच्या सहा प्रदेशांत मिळून २०५० पर्यंत २१ कोटी ६० लाखांपर्यंत माणसांवर स्थलांतराची पाळी येऊ शकते, आणि हा अंदाज आपल्याच देशात एका भागातून दुसऱ्या भागात जाणाऱ्यांचा आहे. वेळीच उत्सर्जन घटवले आणि विकासाची दिशा सुधारली, तर हा आकडा ८० टक्क्यांपर्यंत कमी होऊ शकतो, असेही तोच अहवाल सांगतो. म्हणजे बरेच काही अजून आपल्या हातात आहे. तरीही आकडे चित्र पुसू शकत नाहीत. चित्राची जागा दुसरे चित्रच घेते. म्हणून मला असे मांडायचे आहे, की स्थलांतरिताला न्याय मिळण्याच्या लढ्यात आशेची बाजू धरणाऱ्या कलेचे काम पायाभूत आहे.

याचा ठळक पुरावा पॅसिफिक महासागरातल्या बेटांवर मिळतो. किरिबाती, तुवालू आणि मार्शल बेटे या देशांची बहुतेक जमीन समुद्रसपाटीपासून जेमतेम दोन-तीन मीटर उंच आहे. भरतीचे पाणी विहिरींत शिरते, गोडे पाणी खारट होते, कंदांची शेती नासते. जगाच्या कार्बन उत्सर्जनात या देशांचा वाटा नगण्य आहे, पण जगाने त्यांना बुडणारी बेटे म्हणून जणू आधीच निरोप देऊन टाकला होता. २०१४ च्या सप्टेंबरमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या हवामान परिषदेच्या उद्घाटनाला मार्शल बेटांच्या तरुण कवयित्री कॅथी जेटनिल-किजिनर उभ्या राहिल्या आणि आपल्या सात महिन्यांच्या मुलीला उद्देशून लिहिलेली कविता त्यांनी जगभरच्या राष्ट्रप्रमुखांसमोर म्हटली. त्या कवितेत वाढत्या पाण्याचे भय आहे. पण तिचा गाभा आईने मुलीला दिलेल्या वचनाचा आहे, आणि ज्यांच्या लोभापायी ही वेळ आली त्यांना ती नेमके ओळखते. पुढच्याच महिन्यात, १७ ऑक्टोबरला, बारा बेटदेशांतले तीस तरुण ऑस्ट्रेलियातल्या न्यूकॅसल या कोळशाच्या प्रचंड बंदरात उतरले. पारंपरिक पद्धतीने हातांनी कोरलेल्या होड्या त्यांनी पाण्यात घातल्या. शेकडो ऑस्ट्रेलियन नागरिक आपापल्या छोट्या नावा घेऊन त्यांच्या बाजूला आले आणि सगळ्यांनी मिळून कोळशाच्या जहाजांची वाट अडवली. आम्ही बुडत नाही, आम्ही लढतो आहोत, ही त्यांची घोषणा होती. होडी कोरण्याची विद्या, गाणे आणि नाच हे या आंदोलनाचे शरीरच होते. आदल्या दिवसापर्यंत जग त्यांच्याकडे पाण्यात बुडणारे म्हणून पाहत होते. त्या दिवशी पाणी हीच त्यांची भूमी ठरली, आणि उत्तर द्यायची पाळी कोळशावर आली.

कलेचे दुसरे काम आहे माणसांना समाज म्हणून टिकवण्याचे. १९४५ च्या डिसेंबरमध्ये बनाबा बेटावरच्या लोकांना दोन हजारांहून अधिक किलोमीटर दूर, फिजीमधल्या राबी बेटावर नेऊन उतरवण्यात आले. त्यांचे बेट फॉस्फेटसाठी खणून काढले जात होते आणि त्या खतावर ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडची शेती पोसली जात होती. हे विस्थापन खाणीचे होते, हवामानाचे नव्हे. पण दूरच्या माणसांच्या समृद्धीसाठी आपली जमीन जाण्याचा अनुभव तोच. राबीवर या लोकांनी आपला इतिहास नाचांतून आणि नाट्यातून जपला. कोणी नेले, काय खणले, काय बुडवले, हे नव्या पिढीला त्या नाचांतून कळते. गाव गेले तरी समाज विरघळला नाही, आणि समाज विरघळला नाही म्हणूनच भरपाईचा दावा करायला कोणीतरी उरले.

यावर पहिला आक्षेप गंभीर आहे. आशेची कला नुकसान झाकून टाकते, माणसे हसतमुखाने निघाली असे दाखवून प्रदूषण करणाऱ्यांना मोकळे सोडते, असे म्हटले जाते. तशी कला असतेही, आणि ती नाकारलीच पाहिजे. पण बेटांवरच्या कलेची पहिली मागणी आपल्या भूमीवर राहण्याच्या हक्काची आहे. जाण्याचा हक्क नंतर येतो, आणि तोही मानाने जाण्याचा. किरिबातीचा भारोत्तोलक डेव्हिड काटोआटाऊ २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये वजन उचलल्यावर मंचावरच नाचला. पदक मिळाले नव्हते. आपल्या देशावर ओढवलेल्या हवामानसंकटाकडे जगाचे लक्ष जावे म्हणून आपण नाचतो, असे त्याने सांगितले. त्या नाचात आनंद होता म्हणून संकट लपले नाही. ज्यांना किरिबातीचे नावही माहीत नव्हते, त्यांच्यापर्यंत ते पोचले. सगळे ठीक होईल असा दिलासा म्हणजे आशा नव्हे. पुढे काय व्हायचे ते ठरवण्यात आपलाही हात आहे, या जाणिवेला मी आशा म्हणतो.

दुसरा आक्षेप असा, की मदत करुणेनेच मिळते आणि लवकर मिळते. हे अंशतः खरे आहे. १९३६ साली डोरोथिया लँग यांनी कॅलिफोर्नियातल्या मजुरांच्या छावणीत एका चिंताग्रस्त आईचे छायाचित्र घेतले. ते छापून आल्यावर सरकारने छावणीला अन्न धाडले. भुकेलेल्यांना अन्न मिळाले, हे मोलाचेच. पण ते पोचेपर्यंत ती बाई मुलांना घेऊन पुढे निघून गेली होती. फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्पसन हे तिचे नाव जगाला कळायला १९७८ साल उजाडले, आणि या छायाचित्रापासून आपल्याला काहीच मिळाले नाही अशी तिची तक्रार होती. जगातल्या अतिशय गाजलेल्या छायाचित्रांपैकी एकात असलेल्या बाईला चार दशके कोणी नाव विचारले नाही, तिचे काय म्हणणे आहे तेही विचारले नाही. करुणा छावणीपर्यंत पोचते. छावणी का लागते, हे विचारण्यासाठी तिथल्या माणसाचा आवाज लागतो.

तिसरा आक्षेप व्यवहारी माणसांचा: कवितेने आणि नाचाने कायदा बदलतो का? एकट्या कवितेने बदलत नाही, हे मान्य केले पाहिजे. १९५१ च्या निर्वासित करारात हवामानाचा उल्लेख नाही. किरिबातीच्या एका नागरिकाने न्यूझीलंडमध्ये आश्रय मागितला, तो नाकारला गेला, आणि २०१५ साली त्याला परत पाठवण्यात आले. संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीनेही त्याच्या बाजूने निर्णय दिला नाही. पण २०२० साली जाहीर झालेल्या त्याच निर्णयात समितीने तत्त्व मान्य केले: हवामानामुळे जिवाला धोका असेल, तर माणसाला तिथे परत न पाठवण्याचे बंधन देशांवर येऊ शकते. २०१९ मध्ये व्हानुआतूत कायदा शिकणाऱ्या, पॅसिफिक बेटांवरच्या विद्यार्थ्यांनी हवामानाचा प्रश्न आंतरराष्ट्रीय न्यायालयात नेण्याची मोहीम सुरू केली. जुलै २०२५ मध्ये त्या न्यायालयाने एकमताने मत दिले, की हवामानाचे रक्षण हे देशांचे कायदेशीर कर्तव्य आहे, आणि भूमी पाण्याखाली गेली म्हणून एखाद्या देशाचे राष्ट्रपण संपलेच असे होत नाही. दरम्यान तुवालूच्या जास्तीत जास्त २८० नागरिकांना दरवर्षी कायम वास्तव्याची परवानगी देणारा करार ऑस्ट्रेलियाने केला आणि तो २०२४ मध्ये अमलात आला. हे सगळे एका कवितेचे फळ आहे असा दावा मी करणार नाही. पण निरोप देऊन झालेल्या माणसांचा दावा कोणी ऐकत नाही. आपण अजून आहोत आणि पक्षकार आहोत, हे बेटांच्या कलेने जगाला दाखवले, वकिली त्यानंतरची.

आता आपल्या राज्याकडे पाहू. दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड, अहिल्यानगर, जालना, धाराशिव या भागांतून लाखो माणसे पश्चिम महाराष्ट्रात आणि उत्तर कर्नाटकात ऊस तोडायला जातात. यामागे केवळ पाऊस नाही. भूमिहीनता आहे, कोरडवाहू शेती आहे, मुकादमाकडून घेतलेली आगाऊ उचल आहे; दुष्काळ या सगळ्याला रेटा देतो. ज्यांच्या रानात पिण्यापुरतेही पाणी नाही, त्यांनी सर्वांत जास्त पाणी पिणारे पीक तोडायला जावे, हा पाण्याच्या वाटपातला अन्याय आहे. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रिया २०१९ मध्ये राज्यभर चर्चेत आल्या, शासनाने समिती नेमली. लोकांची हळहळ खरी होती. पण उचलीचा लेखी हिशेब, आजारपणातल्या खाड्याचा दंड बंद होणे, ऊसतोडीच्या तळावर पाणी आणि संडास, या मागण्या त्या हळहळीत मागे पडल्या. वेगळे घडू शकते, हे मुंबईच्या गिरणगावाने दाखवले आहे. वाटेगावहून लहानपणी पायी मुंबई गाठलेले अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांनी १९४४ साली लालबावटा कलापथक उभे केले. कोकणातून आणि घाटावरून आलेल्या गिरणी कामगाराला त्यांनी पोवाड्यांतून आणि लोकनाट्यांतून इतिहास घडवणारा माणूस म्हणून उभे केले. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात पोटासाठी आलेला तो माणूस मुंबईवर हक्क सांगत पुढे होता. त्या हक्काला सूर देण्याचे काम शाहिरांनी केले.

म्हणून आपल्या नाट्यसंस्थांना, चित्रकारांना आणि आकाशवाणीलाही माझी विनंती आहे. स्थलांतरितांवर काही करायचे ठरवाल, तेव्हा त्यात त्यांना नाव आहे का, निर्णय आहे का आणि मागणी आहे का, हे आधी तपासा. लिहिणारे, गाणारे, बोलणारे त्यांच्यातलेच असू द्या आणि त्यांना त्या कामाचे मानधन द्या. गाळप हंगामात तळावरच्या मुलामुलींच्या हातात ध्वनिमुद्रणयंत्र द्या, बायकांच्या ओव्यांना आणि त्यांच्या हिशेबाला एकाच कार्यक्रमात जागा द्या. ऐकणाऱ्यांवर मग एक जबाबदारी येते. अशी कलाकृती पाहून डोळे पुसून थांबायचे नाही. तिच्यातली मागणी कोणत्या कार्यालयात, कोणत्या कारखान्यावर, कोणत्या सभागृहात मांडायची, ते विचारायचे आणि तिथवर तिच्यासोबत जायचे.