दोन धावी आणि चार धावी एंजिने : खडबडीत वाटेवरील तुलना



लखनौहून कानपूरकडे जाणाऱ्या महामार्गावर, अमौसीच्या विमानतळाजवळ, स्कूटर्स इंडिया लिमिटेड या सार्वजनिक क्षेत्रातील कंपनीचा कारखाना उभारण्यात आला. कंपनीची स्थापना १९७२ साली झाली आणि १९७५ साली प्रत्यक्ष उत्पादनास आरंभ झाला. इटलीत मिलान शहरी इनोचेंती ही कंपनी ‘लँब्रेटा’ स्कूटर तयार करीत असे. तेथील उत्पादन थांबल्यावर त्या स्कूटरची यंत्रसामग्री, आराखडे आणि नाममुद्रा भारताने विकत घेतली व ती सारी सामग्री अमौसीस आणून बसविण्यात आली. ही स्कूटर देशात ‘विजय’ या नावाने विकली गेली, तर परदेशी ती ‘लँब्रेटा’ याच जुन्या नावाने गेली. या सामग्रीबरोबर एक विशिष्ट प्रकारचे एंजिनही अमौसीस आले. ते म्हणजे दोन धावी एंजिन.

हे एंजिन चांगले की चार धावी एंजिन चांगले, हा वाद वाहनांच्या जगात फार जुना आहे. त्याचा निर्णय करण्यापूर्वी दोहोंची घडण समजून घेणे इष्ट ठरेल.

सिलिंडरमध्ये दट्ट्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरकतो, त्या सरकण्याला ‘धाव’ म्हणतात. निकोलाउस ओटो या जर्मन संशोधकाने १८७६ साली चार धावी एंजिन यशस्वी करून दाखविले. त्यात पहिल्या धावेत इंधन व हवा यांचे मिश्रण आत ओढले जाते, दुसरीत ते दाबले जाते, तिसरीत ते पेटून दट्ट्याला ढकलते आणि चौथीत जळालेला वायू बाहेर टाकला जातो. प्रत्येक कामाला स्वतंत्र धाव आणि येण्याजाण्याच्या वाटांवर झडपांचा पहारा, अशी ही शिस्तीची व्यवस्था आहे. मात्र क्रँकदांड्याचे दोन फेरे होतात तेव्हा शक्तीची धाव एकदाच येते.

दोन धावी एंजिनात हीच चार कामे दोन धावांत उरकली जातात. दट्ट्या वर जाताना वरच्या बाजूस मिश्रण दाबतो आणि त्याच वेळी खालच्या बंद पेटीत नवे मिश्रण ओढून घेतो. स्फोटानंतर तो खाली येतो तेव्हा सिलिंडरच्या भिंतीतील छिद्रे उघडी पडतात. एका छिद्रातून जळालेला वायू बाहेर जातो आणि दुसऱ्यातून नवे मिश्रण आत शिरून उरलेला धूर पुढे लोटते. झडपा नाहीत, त्या उघडणारी यंत्रणा नाही. दट्ट्या हाच द्वारपाल. प्रत्येक फेऱ्याला शक्तीची धाव मिळते, म्हणून त्याच आकारमानात अधिक शक्ती हाती येते.

पण दोन्ही दारे काही क्षण एकाच वेळी उघडी राहतात, हे येथे ध्यानात ठेवले पाहिजे. आत येणारे थोडे नवे मिश्रण न जळताच धुराबरोबर निघून जाते. शिवाय खालची पेटी मिश्रणाच्या वाटेवर असल्याने वंगणाचे तेल पेट्रोलमध्येच मिसळावे लागते आणि तेही जळते. झडपा नसल्याने एंजिन हलके होते, आणि झडपा नसल्यानेच ते इंधन सांडते. या एंजिनाचे गुण आणि दोष निराळ्या कारणांनी आलेले नाहीत. ते एकाच घडणीची दोन अपत्ये आहेत.

या घडणीची खरी कसोटी लागली ती शहरातील स्कूटरवर नव्हे, तर चिखल, वाळू आणि चढउतार यांवरून धावणाऱ्या मोटरसायकलींवर. पूर्व जर्मनीतील एमझेड कंपनीचे अभियंते वाल्टर काडेन यांनी १९५०च्या दशकात धूर बाहेर नेणाऱ्या नळीचा अभ्यास केला. विशिष्ट आकाराच्या फुगीर नळीतून परतणारी दाबलहर निसटू पाहणारे मिश्रण पुन्हा सिलिंडरमध्ये लोटते, या तत्त्वाचा त्यांनी पुरेपूर उपयोग करून घेतला. १९६१ सालच्या सुमारास त्यांनी १२५ घनसेंटिमीटरच्या एंजिनातून सुमारे २५ अश्वशक्ती मिळविली. त्यांचा स्पर्धक एर्न्स्ट डेग्नर त्याच वर्षी देश सोडून गेला आणि १९६२ साली सुझुकीच्या वाहनावर जगज्जेता ठरला. ही विद्या अशा रीतीने जपानला पोहोचली. पुढे बेल्जियमचे झोएल रोबेर आणि रोझे दे कोस्टर यांनी सुझुकीच्या दोन धावी वाहनांवर मोटोक्रॉसची विश्वविजेतेपदे मिळविली. अवजड चार धावी वाहने मागे पडली.

वाहन चिखलात आडवे पडले की ते उचलावे लागते. तेव्हा दहा किलोंचा फरक स्वाराच्या पाठीला जाणवतो. दोन धावी एंजिनात तळाशी तेलाचा साठा नसतो, म्हणून ते कसेही कलंडले तरी वंगणाचा घोटाळा होत नाही. दट्ट्या लवकर झिजतो खरा, पण तो बदलणे साधे आणि स्वस्त असते. उलटपक्षी, त्याची शक्ती ठराविक वेगापाशी एकदम उसळते आणि मागचे चाक जागीच घसरते. चार धावी एंजिनाची ओढ खालच्या वेगापासून सलग असते, त्यामुळे सैल मातीत चाक पकड धरते. उतारावर मूठ सोडली की ते आपोआप वेगाला आवर घालते. मात्र ते वजनाने जड, आणि बिघडले तर दुरुस्ती खर्चाची.

स्पर्धेच्या मैदानातील पारडे १९९०च्या दशकाअखेर फिरले. अमेरिकेतील नियमांनी चार धावी एंजिनांना अधिक आकारमानाची सवलत दिली. १९९७ साली डग हेन्री यांनी यामाहाच्या चार धावी वाहनावर लास व्हेगासची सुपरक्रॉस शर्यत जिंकली आणि १९९८ साली वायझेड ४००एफ हे वाहन बाजारात आले. जागतिक मोटोक्रॉसच्या वरिष्ठ वर्गात आजही २५० घनसेंटिमीटरच्या दोन धावी एंजिनासमोर ४५० घनसेंटिमीटरचे चार धावी एंजिन उभे राहू शकते. म्हणजे हा विजय निव्वळ एंजिनाचा नव्हे. मोजपट्टी कोठे धरायची, या निर्णयाचाही त्यात वाटा आहे.

भारतात हाच प्रश्न वेगळ्या अंगाने आला. येथे खास मातीवरच्या शर्यतींसाठी बनविलेली वाहने सर्वसामान्यांच्या आवाक्यात नव्हती. पुणे, नाशिक, कोल्हापूर येथील मातीच्या धावपट्ट्यांवर तरुणांनी रस्त्यावरचीच दोन धावी वाहने उघडून, हलकी करून पळविली. १९८५ साली आलेली यामाहा आरएक्स १०० त्यांपैकी विशेष आवडती. खेड्यापाड्यांच्या कच्च्या वाटांनी राजदूत वापरली, तर शहरांनी बजाज, प्रिया आणि विजय या स्कूटरी. सकाळी स्कूटर एका कुशीवर झुकवायची आणि मग किक मारायची, हा विधी एका पिढीच्या अंगवळणी पडला होता. गल्लीतला कारागीर हातभर हत्यारांनिशी या एंजिनाचा कार्बन खरवडून ते पुन्हा चालते करी.

परंतु एक वाहन डोंगरावर जो धूर सोडते, तोच धूर हजारो वाहने चौकात सोडू लागली की त्याचा अर्थ बदलतो. कार्ब्युरेटरच्या जुन्या दोन धावी एंजिनांत काही स्थितींत इंधनाचा पाव हिस्सा वा त्याहूनही अधिक भाग न जळताच बाहेर पडे. तो खर्च वाहनमालकाच्या खिशातून थोडा, आणि रस्त्याकडेच्या भाजीवाल्याच्या फुप्फुसातून बराच वसूल होई. १९८५ साली हीरो होंडाची चार धावी सीडी १०० आली आणि कमी पेट्रोलात अधिक अंतर जाता येते, हे घरोघरी समजले. १९९१, १९९६ आणि २००० या वर्षी धुरावरील निर्बंध क्रमाने कडक होत गेले. चार धावी एंजिनांनी रस्ता व्यापला. कच्च्या वाटांसाठी २०११ साली आलेली हीरो इम्पल्स आणि २०१९ सालची एक्सपल्स २०० ही दोन्ही वाहनेही चार धावीच.

अमौसीच्या कारखान्यात स्कूटरचे उत्पादन १९९७ साली थांबले. ‘विक्रम’ ही तीनचाकी मात्र पुढेही निघत राहिली. २०२१ साली केंद्रीय मंत्रिमंडळाने कंपनी बंद करण्यास मान्यता दिली. हा सारा दोष एंजिनाच्या माथी मारणे न्यायाचे होणार नाही. व्यवस्थापन, भांडवल आणि स्पर्धा यांचाही त्यात भाग होता. तरीही एक बोध स्पष्ट आहे. जो देश तयार यंत्रसामग्री विकत घेतो, तो तिच्याबरोबर तिच्या मर्यादाही विकत घेतो. त्या ओलांडण्याचे संशोधन मात्र स्वतःच करावे लागते.

असे संशोधन अशक्य नव्हते. ज्या ऑस्ट्रियन केटीएम कंपनीत पुण्याच्या बजाज ऑटोने २००७ साली भाग घेतला, तिने २०१७ साली अंतःक्षेपणाने इंधन पुरविणारी २५० आणि ३०० घनसेंटिमीटरची दोन धावी एंजिने खडबडीत वाटांच्या वाहनांसाठी सादर केली. सिलिंडरकडे जाणाऱ्या वाटेतच इंधन मोजून सोडल्याने त्याची गळती कमी झाली. मुलांच्या ६५ आणि ८५ घनसेंटिमीटरच्या वर्गांत तर दोन धावी एंजिन आजही हक्काने नांदते आहे.

तेव्हा कोणते एंजिन श्रेष्ठ, या प्रश्नाला एकच उत्तर नाही. निर्जन डोंगरात, वाहन खांद्याने लोटण्याची वेळ येते तेथे, हलकेपणाला मोल आहे. गजबजलेल्या शहरात, श्वास सर्वांचा सामाईक असतो तेथे, शिस्तीला मोल आहे. यंत्राची पारख करताना ते किती जोर देते एवढेच पाहून चालत नाही. त्या जोराची किंमत कोण मोजतो, हेही विचारावे लागते.