झॉम्बी: एका माणसाला दोनच

आजचा एपिसोड २५ वर्षांच्या पुढच्यांसाठी. महाराष्ट्रात रमसाठी कायदेशीर वय तेवढंच आहे, तेव्हा बाकीच्यांनी आत्ताच पुढच्या एपिसोडवर उडी मारा.

तर झॉम्बी. १९३३च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेतली दारूबंदी उठली आणि अर्नेस्ट गॅन्ट नावाच्या माणसाने हॉलिवूडमध्ये छोटासा बार टाकला. पुढे त्याने स्वतःचं नावच डॉन बीच करून घेतलं. त्याचं हे १९३४चं ड्रिंक. एका गिऱ्हाईकाला दोनच ग्लास मिळायचे, असा नियम.

मला या गोष्टीत सगळ्यात आवडतो तो त्याचा सिक्युरिटीचा प्रकार. आपले बारटेंडर रेसिपी घेऊन दुसरीकडे जातील म्हणून त्याने रेसिपी सांकेतिक भाषेत लिहिल्या. बारटेंडरला फक्त कळायचं की 'डॉन्स मिक्स' इतकं घाल. आत काय आहे, पत्ता नाही. आम्ही व्हेरिएबलला असं नाव दिलं तर कोड रिव्ह्यूमध्ये धुलाई होते! परिणाम काय, तर जगभर लोकांनी अंदाजाने अननसाचा रस वगैरे ओतून 'झॉम्बी' विकलं. मग जेफ बेरी नावाच्या माणसाने डॉनच्या जुन्या वेटरची वही मिळवली, वर्षानुवर्षं पाठपुरावा केला आणि २००७च्या पुस्तकात खरी रेसिपी छापली. 'डॉन्स मिक्स' म्हणजे दोन भाग ग्रेपफ्रूटचा रस, एक भाग दालचिनीचं सिरप. बस्स, एवढंच.

आता घरी. मूळ रेसिपीत पोर्टो रिकोची रम, जमैकाची रम आणि गयानाची ७५.५ टक्के अल्कोहोलवाली डेमेरारा. ही तिसरी आपल्याकडे सहज मिळत नाही, आणि मिळाली तरी व्हिडिओसाठी ती पेटवायच्या फंदात पडू नका, प्लीज. मी ४५ एमएल पांढरी रम, ४५ एमएल गोल्ड रम आणि ३० एमएल ओल्ड मंक घेतो. डेमेराराचा तो जळक्या साखरेचा वास पूर्ण येत नाही, पण व्हॅनिला छान येतो.

त्यात २२ एमएल ताज्या लिंबाचा रस, बाटलीतला नाही. १५ एमएल डॉन्स मिक्स. ग्रेपफ्रूट नसेल तर पपनस चालतं, शेवटी ग्रेपफ्रूट हे पपनसाचंच अपत्य आहे. दालचिनी सिरपसाठी साखर-पाणी समान, तीन काड्या, एक उकळी, मग दोन तास झाकून ठेवा. १५ एमएल फलेर्नम, हे बार्बाडोसचं सिरप: लिंबाची साल, आलं, लवंग, बदाम, साखर. म्हणजे सगळं घरातलंच. एक चमचा डाळिंबाचं सिरप, अँगोस्टुरा बिटर्सचा एक शिंतोडा, आणि बडीशेपेच्या चवीच्या पर्नोचे सहा थेंब. सहा म्हणजे सहाच, सातव्याला सगळं खोकल्याच्या औषधासारखं लागतं. बर्फ टॉवेलमध्ये गुंडाळून लाटण्याने फोडा, दोन मुठी घ्या, मिक्सरला पाच सेकंद फिरवा. उंच ग्लास, वर पुदिना.

आता हिशोब करू. १२० एमएल रम म्हणजे चार स्मॉल पेग, एका ग्लासात. मूळ रेसिपीने केलंत तर त्याहून जास्त. आणि जिभेला ते कळतच नाही! आंबट, गोड आणि गारेगार यात अल्कोहोलचा चटका लपून जातो, म्हणून लोक सरबतासारखं पितात. आपल्याकडे गाडी चालवताना १०० एमएल रक्तात ३० मिलिग्रॅमची मर्यादा आहे. ती एका ग्लासातच सहज ओलांडली जाते.

त्यामुळे माझ्या घरी पहिला ग्लास भरायच्या आधी सगळ्यांच्या किल्ल्या तांदळाच्या डब्यात जातात. मागे एक मित्र दुसऱ्या ग्लासनंतर 'मी एकदम ओके आहे रे' म्हणत वीस मिनिटं खिसे चाचपत होता. मग सोफ्यावर झोपला, सकाळी पोहे खाऊन गेला. कुणाला काय पाजतोय हे त्याला आकड्यात सांगायचं, पाहुणा कितीही जुना असो. आणि आधी जेवण, मग झॉम्बी. ज्यांना प्यायची नाही त्यांच्यासाठी तेच सगळं रम, बिटर्स आणि पर्नोशिवाय करा, वर सोडा. खरंच भारी लागतं.

उरलेलं दालचिनी सिरप फ्रीजमध्ये दोनेक आठवडे टिकतं. कोल्ड कॉफीत घालून बघा.