कापडी रोगी



वर्धापनदिनी जखमेचा विषय कशाला काढला, असे काहींना वाटेल. पण आपल्या जालना जिल्ह्यात साखरेच्या विकाराने पाय चिघळलेली, अंथरुणाला खिळून पाठ सोललेली वडील माणसे कितीतरी घरांत आहेत. त्यांची मलमपट्टी करणारी मुलगी कोठेतरी शिकूनच येते. ती कोणाच्या अंगावर शिकली, एवढेच मला विचारायचे आहे.

माझ्या नणंदेची मुलगी परिचारिकेचे शिक्षण घेते. दिवाळीला आली तेव्हा म्हणाली, "मामी, खोल जखम मी पुस्तकातच पाहिली. वर्गात पुतळा एक आणि आम्ही चाळीसजणी. माझी पाळी येते तोवर तास संपतो." चांगले तयार पुतळे लाखांच्या घरात जातात, मग दुसरे काय होणार?

मी सातवी शिकलेली. पण वाचनाची आवड आहे. सुश्रुतसंहितेत शिष्यांच्या सरावावर एक स्वतंत्र अध्यायच आहे. छेद घेणे कोहळ्या-काकडीवर शिकावे, टाके कापडावर व मऊ कातड्यावर घालावेत, पट्ट्या माणसाच्या पुतळ्यावर बांधाव्यात, असे त्यात सांगितले आहे. आणि अमेरिकेत १९११ साली हार्टफर्डच्या रुग्णालयातील परिचारिकांच्या शाळेसाठी मोठ्या माणसाएवढी बाहुली करून दिली ती कोणी? मार्था चेस या बाहुल्या करणाऱ्या बाईने! त्या बाहुलीला पुढे 'मिसेस चेस' असेच नाव पडले. म्हणजे हे काम शिवणाऱ्या हातांचेच आहे.

मग आम्ही दोघींनी जुन्या गादीतला स्पंज घेतला, वर पातळ रेक्झिन शिवले आणि मध्ये वाटीएवढा खड्डा केला. भाचीने सांगितले तसे तळाशी लाल कापड लावले, ते भरत येणारे मांस. पिवळे मेण म्हणजे सडका थर, आणि छत्रीच्या काळ्या कापडाचा तुकडा म्हणजे मेलेली कातडी. एका कडेखाली स्पंज आतून पोखरला. वरून जखम लहान दिसावी आणि आत बोटभर पोकळी असावी, अशी खरी जखमही पुष्कळदा असते म्हणे. तिची लांबी, रुंदी, खोली मापायची. पोकळीत ओली पट्टी अलगद ठेवायची, ठासायची नाही. पू म्हणून भाताची पेज ओतली. (सूनबाईंनी त्या दिवशी पेज प्यायचे नाकारले!)

एक युक्ती मात्र माझी. भोवतालच्या कातडीवर चिमूटभर निळी रांगोळी टाकली. धुऊन झाल्यावर निळा कण जखमेत सापडला, तर बाहेरची घाण आत गेली हे कोणी रागवण्याआधी मुलीला स्वतःच दिसते. भाचीने सहा वेळा केले. पहिल्या तीन वेळा जखम निळी झाली, सहाव्या वेळी स्वच्छ राहिली. सगळा खर्च दीडशे रुपयांच्या आत.

कापडाला दुखत नाही, ही यातली मोठी उणीव. म्हणून मीच ती गादी पोटरीला बांधून पलंगावर पडले आणि कण्हू लागले. भाची आधी हसली, मग तिचा हात थबकला. "मामी, आता पट्टी काढते हं, थोडे दुखेल," असे ती बोलली तेव्हा मला बरे वाटले. हे बोलणे पुतळ्यापुढे कोणी शिकत नाही. तरी खऱ्या रोग्याजवळ बाईंच्या देखरेखीखाली शिकणे चुकत नाहीच. शिवाय घरी कोणी ही विद्या आपल्या माणसावर आजमावू नये. जखमेवर हळद, राख, दंतमंजन काही न घालता दवाखाना गाठावा.

भाचीच्या बाईंनी अशा दहा गाद्या मागितल्या आहेत. येत्या मंगळवारी दुपारी तीनला मंडळाच्या खोलीत शिवायला बसू. घरात जुना स्पंज, रेक्झिन, मोडकी छत्री असेल ती आणावी. आणि कण्हायला दोघी-तिघी लागतील. आवाज खणखणीत असलेल्यांनी नावे द्यावीत.