पाठ झालं, आता पेरा

मंडळी, लेकरं हरिपाठ घडाघडा म्हणतात, ऐकून ऊर भरून येतो. पाठांतर हवंच. पण पाठांतर म्हणजे कणगीतलं बियाणं. पेरलं नाही तर त्याला भुंगा लागतो.

पैठणच्या नाथमहाराजांकडे पाहा. भागवताच्या अकराव्या स्कंधावर त्यांनी 31 अध्यायांची टीका लिहिली. भूतमात्रात देव पाहावा, हे त्यात सांगितलं. आणि गोदावरीच्या तापल्या वाळवंटात एक लेकरू रडताना दिसलं. लोक ज्याला शिवत नसत, अशा घरचं ते लेकरू. तिथं नाथ श्लोक आठवत बसले नाहीत. उचललं, कडेवर घेतलं, घरी नेऊन पोचवलं. तिथं भागवत खरं झालं!

आपली परीक्षा कुठे होते? पंढरीच्या दर्शनबारीत. तोंडानं एकमेकांना ‘माउली’ म्हणायचं, अन् कोपरानं पुढच्या म्हातारीला ढकलायचं. मग ती माउली जिभेवरच राहिली ना बाबा?

घरी गेल्यावर पोराला जरूर विचारा, “किती अभंग पाठ झाले?” पण लगेच दुसरंही विचारा, “आज कुणाला हात दिलास?”

बोला, पुंडलिक वरदा हरि विठ्ठल!