नवतप्यातला खरा अटॅक



आज इथं बुटीबोरीत न्यूरोलॉजिस्ट थोडे आहेत. फॅमिली डॉक्टर आणि एमआयडीसीतल्या कारखान्यांचे डॉक्टर जास्त. म्हणूनच मल्टिपल स्क्लेरोसिस (एमएस) हा विषय मी मुद्दाम निवडला. या आजाराचा पहिला अटॅक आमच्याकडे येत नाही, तुमच्याकडे येतो. विशी-तिशीतलं माणूस सांगतं, एका डोळ्यानं धुरकट दिसतं, डोळा फिरवला की दुखतो. लाल पेनचं टोपण एकेका डोळ्यासमोर धरा. आजारी डोळ्याला तो लाल रंग विटलेला दिसतो. काही आठवड्यांत नजर सुधारते, घरचे अशक्तपणा म्हणून विसरतात. पुढे पाय लुळे पडले की आमच्याकडे येतात, आणि तेव्हा जुन्या दुखण्याची तारीख कुणालाच आठवत नाही.

आजार पुन्हा उलटेल का, हा रुग्णाचा पहिला प्रश्न. त्याचं बरंचसं उत्तर पहिल्याच एमआरआयमध्ये असतं. डोळ्याच्या नसेच्या सुजेवरच्या अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीत रुग्णांवर 15 वर्षं लक्ष ठेवलं होतं. सुरुवातीला मेंदूत एकही डाग नसलेल्यांपैकी सुमारे 25 टक्क्यांना पुढे एमएस झाला. एक किंवा जास्त डाग असलेल्यांपैकी सुमारे 72 टक्क्यांना. पाठीतल्या पाण्यात ऑलिगोक्लोनल बँड, मज्जारज्जूत डाग, पहिल्या अटॅकमधून अर्धवट सावरणं, यांनी धोका वाढतो. रक्तातल्या न्यूरोफिलामेंटकडून मलाही आशा आहे. पण समोर बसलेल्या एकट्या रुग्णाचं भविष्य त्यावरून सांगायला मी अजून धजत नाही. लवकर औषध सुरू केलं तर दुसरा अटॅक लांबतो, हे मात्र अनेक चाचण्यांत दिसलं आहे.

पण भाकीत करायचं, तर झालेले अटॅक आधी नीट मोजायला हवेत, आणि विदर्भात तिथंच गफलत होते. 30 मे हा जागतिक एमएस दिन. आपल्याकडे तेव्हा नवतप्याचं रणरणतं ऊन असतं. जुनी इजा झालेल्या नसेतून संदेश कसाबसा जात असतो. अंग थोडं तापलं की तोही अडतो. भट्टीजवळ पाळी करणाऱ्या कामगाराची नजर अंधारते आणि पंख्याखाली बसून पाणी प्यायलं की तासाभरात उजळते. उथॉफ या नेत्रतज्ज्ञानं 1890 साली नोंदवलेली ही घटना. तो नवा अटॅक नव्हे. ताप किंवा लघवीच्या जंतुसंसर्गानंही असंच होतं. लक्षण 24 तासांहून जास्त टिकलं, ताप-जंतुसंसर्ग नाही, तरच तो अटॅक धरावा. नाहीतर नाहक स्टेरॉइडच्या सलाइन लागतात, साखर चढते, आणि चालू औषध निकामी ठरवून बदललं जातं.

एनएमओ (न्यूरोमायलायटिस ऑप्टिका) हा एमएसचा सख्खा वाटणारा, पण वेगळा आजार. 2004 साली त्याचं प्रतिपिंड सापडलं. एमएस समजून इंटरफेरॉन दिलं तर तो बळावू शकतो. दोन्ही डोळे एकदम गेले किंवा मज्जारज्जूवर लांबलचक सूज दिसली, तर या प्रतिपिंडाची रक्ततपासणी टाळू नका.

एमएसमध्ये एक काळ मात्र असा आहे की तिथलं भाकीत बऱ्यापैकी खरं ठरतं. 1998 साली प्रसिद्ध झालेल्या युरोपीय अभ्यासात गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत अटॅक घटलेले दिसले आणि बाळंतपणानंतरच्या पहिल्या तीन महिन्यांत वाढलेले. नेमक्या त्याच दिवसांत आपली लेक माहेरी असते. तिची फाइल सासरच्या गावी, एमआरआयची सीडी कपाटात, आणि माहेरच्या डॉक्टरांना आजाराचं नावही ठाऊक नाही. कित्येकदा ते लपवलेलंच असतं. हातापायाला मुंग्या आल्या की बाळंतिणीचा थकवा म्हणून सोडून देतात. सातव्या महिन्यात तिला विश्वासात घेऊन विचारा, बाळंतपणाला कुठं जाणार? एका कागदावर मराठीत आजाराचं नाव, आधीच्या अटॅकच्या तारखा, चालू आणि थांबवलेली औषधं आणि तुमचा फोन नंबर लिहून द्या. तिची हरकत नसेल तर माहेरच्या डॉक्टरांना तुम्हीच फोन करा, आणि बाळ महिन्याचं होण्याआधी तिची तपासणी कुठं व्हायची ते त्याच फोनवर ठरवून टाका.