पुलाखालची सफाई

(शिर्डी येथे सहायकांच्या सभेत दिलेले भाषण)



आज मी देणगीविषयी बोलणार नाही, एका चुकीविषयी बोलणार आहे. चूक आमचीच आहे.

अकोले तालुक्यातल्या एका ठाकरवाडीतील मावशींना तुमच्या मदतीतून दातांचा ब्रिज बसवला होता. त्या पुन्हा भाकरी चावून खाऊ लागल्या. आम्ही फोटो काढला आणि परत आलो. दोन वर्षांनी भेटलो, तर ब्रिज हलत होता, हिरडीतून पू येत होता. मावशी म्हणाल्या, "बाई, खोट्या दाताला कुठं कीड लागती?" त्या मिश्रीच लावत होत्या. सफाई कशी करायची, हे आम्ही त्यांना सांगितलेच नव्हते.

खोट्या दाताला कीड लागत नाही, हे खरे. पण तो ज्या खऱ्या दातांच्या आधारावर उभा असतो, ते किडतात. मधल्या दाताला मूळ नसते. तो हिरडीवर नुसता टेकलेला असतो. त्याच्याखाली आपल्या राहात्याच्या पेरूची बी किंवा भाकरीचा कण अडकला, की नुसत्या ब्रशने निघत नाही.

म्हणून घरी एवढे करा. सकाळी आणि रात्री झोपताना मऊ ब्रश व फ्लोराइडची पेस्ट वापरा. ब्रश हिरडीच्या कडेला तिरपा धरून हळू फिरवा. रोज रात्री एकदा फ्लॉस थ्रेडर घ्या. ती प्लास्टिकची मोठ्या नेढ्याची सुईच असते. तिच्यात फ्लॉसचा दोरा ओवून ब्रिजखालून पलीकडे काढा, दोरा पुढे-मागे सरकवा, आधाराच्या दातांच्या कडा पुसा आणि बाजूनेच ओढून घ्या. टाचणी किंवा शिवणाची सुई कधीही घालू नका. मिश्री, तंबाखू सोडा. सुपारी, ऊस ब्रिजवर फोडू नका. रक्त, दुर्गंधी किंवा हलणे दिसले तर लगेच दाखवा. एरवी सहा महिन्यांनी. दंत महाविद्यालय जवळच लोणीला आहे.

प्रभूने शिष्यांचे पाय धुतले, तेव्हा स्वतः खाली वाकला. आम्ही मात्र दात देऊन उभ्यानेच परतलो. आता प्रत्येक ब्रिजसोबत ब्रश, पेस्ट, थ्रेडर द्यायचे आणि आरसा धरून शेजारी बसायचे, असे ठरवले आहे. मावशींपासून सुरुवात केली आहे. त्यांच्यासाठी प्रार्थना करा.