पाण्याखालचे माहेर



आपले जेऊर म्हणजे आगगाडीचे स्थानक, बाजार आणि भारत महाविद्यालय. जवळच उजनीचा जलाशय. हिवाळ्यात तेथे रोहित पक्षी उतरतात. पाणी फार आटले म्हणजे पलीकडे पळसदेवचे जुने देऊळ वर येते. मुली ते कौतुकाने पाहतात. पण १९८० साली भीमेवरचे हे धरण पुरे झाले, तेव्हा कित्येकींची चूल, जाते, तुळशीवृंदावन पाण्याखाली गेले. त्याच पाण्यावर आज आपला ऊस, आपली केळी उभी आहेत. कॉलेजात जाणाऱ्या मुलींना एवढेच सांगणे, की आजीजवळ बसा. बुडालेल्या गावातली घरे, विहिरी, जत्रा तिला विचारा आणि वहीत उतरवून घ्या. देऊळ पुन्हा दिसेल. आजी गेल्यावर तिचे गाव कोण दाखवणार?